मुष्टियुद्धावर बंदी घालावी का?

प्रश्न वरवर सोपा दिसतो. खेळ जीवघेणा असेल तर बंद करावा, यात चर्चा कसली? पण जीव गिर्यारोहणातही जातात, घोड्यांच्या शर्यतीतही जातात. मग मुष्टियुद्धालाच, म्हणजे आपण बोलताना ज्याला सरळ बॉक्सिंग म्हणतो त्यालाच, वेगळा न्याय का?

उत्तर खेळाच्या हेतूत आहे. गिर्यारोहक पडला तर तो अपघात. कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला लावायची असते. तिथे ठोसा मारला तर नियमभंग. बॉक्सिंगमध्ये मात्र डोक्यावर नेमका बसलेला ठोसा हेच कसब, आणि दहा आकडे मोजेपर्यंत समोरचा उठला नाही की विजय. म्हणजे काय, तर माणसाचा मेंदू घटकाभर बंद पाडणं हे यश धरलं जातं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेने 1982 पासून बंदीची मागणी लावून धरली, तिच्या मुळाशी हीच मेंदूची इजा होती.

ही इजा दोन तऱ्हांची. एक तात्काळ: ठोशाने डोकं गर्रकन फिरतं, कवटीतला मेंदू क्षणभर मागे राहतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटतात आणि रक्त साचतं. दुसरी सावकाश येणारी, वर्षानुवर्षं खाल्लेल्या ठोशांची. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी ती 1928 मध्येच मांडली होती. हातमोज्यांमुळे मेंदू वाचतो असं पुष्कळांना वाटतं. मोजे वाचवतात ती मुख्यतः मारणाऱ्याची बोटं!

मग घाला बंदी, असं कुणी म्हणेल. स्वीडनने 1970 मध्ये, नॉर्वेने 1981 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर ती घातली. झालं काय? नॉर्वेची सेसिलिया ब्रेकहूस 2009 मध्ये जगज्जेती झाली, पण तिच्या लढती सगळ्या परदेशात. नॉर्वेच्या हातून फक्त देखरेख गेली. 2014 च्या अखेरीस त्यांनी बंदी उठवली.

देखरेख म्हणजे काय ते एका खटल्यातून बघू. 21 सप्टेंबर 1991 रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची लढत बाराव्या फेरीत थांबवली गेली. थोड्याच वेळात वॉटसन बेशुद्ध पडला. रिंगजवळ श्वास सांभाळण्याची तातडीची व्यवस्था नव्हती. ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती, मग दुसरीकडे हलवलं. चाळीस दिवस तो कोमात होता. त्याने ब्रिटिश नियामक मंडळावर दावा लावला आणि जिंकला. 2000 मध्ये अपील न्यायालयानेही मंडळाचीच जबाबदारी धरली. ठोशाने झालेलं नुकसान आणि उशिराने वाढलेलं नुकसान, अशी फोड तिथे झाली. 2003 ची लंडन मॅरेथॉन वॉटसनने चालत पूर्ण केली, सहा दिवसांत.

उशिराचं नुकसान नियमांनी टाळता येतं. सावकाश येणारी इजा मात्र दाराशी उभ्या रुग्णवाहिकेने टळत नाही, हे कबूल करायला हवं. म्हणून आमचं मत असं: सज्ञान माणसाने सगळं समजून हा धोका पत्करला तर सरकारने आड येऊ नये. अठराच्या आतल्यांसाठी मात्र डोक्यावरच्या ठोशाला बंदीच हवी. मग ते बॉक्सिंग उरेल का, असं प्रशिक्षक विचारतील. पायांची चाल, बचाव, अंगावरचे ठोसे हे सगळं त्या वयात शिकता येतं. डोक्याचं अठरानंतर बघू.