आधी पाय, मग पाना

डिंभे धरणाच्या फुगवट्यात चालणाऱ्या होड्या ऐसपैस. कुणीही बसावं आणि वल्हं मारावं. शर्यतीच्या बोटीचं तसं नसतं. एकट्याने चालवायची सिंगल स्कल साधारण 8 मीटर लांब, वजनाला नियमाप्रमाणे किमान 14 किलो, आणि रुंदीला जेमतेम माणूस मावेल एवढी. एकाच्या मापाने लावलेली बोट दुसऱ्याला झेपत नाही. महाळुंगे पडवळ, घोडेगावकडचा मुलगा शिकायला किंवा फौजेतून पुण्यात आला आणि रोइंगला लागला, की पहिली अडचण हीच.

विचारायचं कुणाला?

पुण्यात जाणकारांची वाण नाही. संगमाजवळ सीओईपीचा बोट क्लब आहे, दापोडीच्या सीएमईत लष्कराचं रोइंग केंद्र. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ फौजेत गेल्यावरच या खेळाकडे वळला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. कोच तंत्र सांगतो, पण पाना चालवणाऱ्या बोटमनचा सल्ला नवख्याने आधी घ्यावा, असं माझं मत. मात्र वल्हं ज्यात अडकतं त्या गेटबद्दल त्याला "गेट वर घ्या" असं फर्मावू नका. "ओढ संपताना हात मांडीला घासतात" एवढंच सांगा. कुठला नट फिरवायचा ते तो बघेल.

पायापासून सुरुवात

पाय टेकायची फळी, म्हणजे फुटस्ट्रेचर, आधी लावा. पाय लांब करून ओढ संपवल्याच्या स्थितीत बसा. मुठी बरगड्यांना हलकेच लागल्या तर जागा बरोबर. त्या पोटात रुतत असतील तर फळी आपल्याकडे घ्या. अंगापासून लांब राहत असतील तर पायांच्या दिशेला सरकवा. हे न करता गेटला हात घालणं म्हणजे वेळ फुकट.

गेट आणि पाती

वल्हं अडकतं ते गेट सीटपासून किती उंच, हा पुढचा प्रश्न. हात मांडीला घासत असतील तर गेट खाली आहे. मुठी छातीशी येत असतील तर वर. पिनेवरचे वॉशर वरखाली करून हे साधतं. डावा हात उजव्याच्या वर ठेवण्याची पद्धत असल्याने डाव्या हाताच्या वल्ह्याचं गेट सुमारे एक सेंटिमीटर उंच असतं. ते बिघाड समजून कुणी सारखं करून ठेवतं, आणि मग बोट एका अंगाला कलते.

पातं पाण्यात खोल बुडत असेल तर त्याचा कल, म्हणजे पिच, तपासून घ्या. तो साधारण 4 अंश असतो. पिच कमी पडला की पातं बुडतं, जास्त झाला की वर निसटतं. अर्थात, नवख्याच्या हातूनही पातं बुडतं, म्हणून आधी कोचला काठावरून बघू द्या.

एका वेळी एकच बदल

एक गोष्ट बदला, थोडं वल्हवा, जुनं माप वहीत लिहून ठेवा. दोन नट एकदम फिरवले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

बोटीच्या नाकावरचा रबरी चेंडू जागेवर आहे ना, नट घट्ट आहेत ना, ते पाहा. बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी ओढून बघा. बोट उलटली तर टाच वर उचलली जाताना हीच दोरी बूट अडवते आणि पाय मोकळा होतो. ती तुटलेली असेल तर त्या दिवशी बोट रॅकवरच राहू द्या.