मध ओळखावा कसा?

‘मध गोड असतो’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. आंबा घेताना आपण हापूस की पायरी, असे विचारतो. तांदूळ घेताना मूठभर हातात घेऊन वास घेतो. मधाची बाटली मात्र नुसती किंमत पाहून उचलतो. हा मध कोणत्या फुलांचा, कोणत्या माशीचा, कोणत्या महिन्यातला, हे विचारायचे असते हेच आपण विसरलो आहोत.

स्कॉटलंडमध्ये हेदर या रानफुलांचा मध आणि सुगंधी वनस्पती व्हिस्कीत घालून ‘ड्रॅम्बुई’ नावाचे गोड मद्य करतात. अमेरिकेतही मध घातलेल्या व्हिस्क्या निघाल्या आहेत. दोन बाटल्यांची तुलना करायची तर कस एकच: फुलाचा गंध लागतो, की नुसता गोडवा? मी मद्य घेत नाही, पण हा कस मला फार मोलाचा वाटतो. तो आपल्या घरातल्या मधालाही लावता येतो. संस्कृतात ‘मधु’ म्हणजे मध आणि मद्यही, हे काही उगाच नाही. मधात पाणी घातले की तो आंबू लागतो. पक्व मधात मात्र पाणी साधारण 17-18 टक्केच असते, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. फुलातला रस पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्याला आटवतात आणि मगच मेणाने घर बंद करतात. घाईने काढलेला मध पुढे फेसाळतो, आंबतो, तो याच कारणाने.

आता चाखण्याविषयी. तीन वाट्या घ्या. एकीत महाबळेश्वरचा जांभळाचा मध, दुसरीत उत्तरेकडचा मोहरीचा आणि तिसरीत जव्हार-मोखाड्याकडचा रानातला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेले उत्तरेकडचे लोक गावाहून येताना मोहरीचा मध आणतात, म्हणून तो आमच्याकडे परका राहिलेला नाही. आधी वास घ्यावा. मग अर्धा चमचा मध जिभेवर ठेवून विरघळू द्यावा. दोन चवींच्या मध्ये पाणी प्यावे. जांभळाचा मध काळसर असतो आणि शेवटी किंचित कडवट लागतो. मोहरीचा लवकर थिजून तुपासारखा रवाळ होतो. रानच्या मधात अनेक झाडांची सरमिसळ असते. दर मोसमात त्याची चव बदलते. साखरेचा पाक लगेच गोड लागतो आणि तिथेच संपतो. मधात गोडाच्या पाठोपाठ बारीकशी आंबट चव येते आणि गंध घशात रेंगाळतो.

रानच्या मधातही दोन जाती. आग्या माशी उंच झाडावर, कड्यावर एकच मोठे पोळे लावते. ती पेटीत राहत नाही. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधते आणि पेटीतही नांदते. पोळे पिळून मध काढला तर अंडी-अळ्या चिरडतात आणि मधही गढूळ होतो. पेटीतल्या चौकटी यंत्रात फिरवल्या की मध निघतो आणि वसाहत जगते. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ जाहीर झाले. पुढे या योजनेत आमच्या पालघर जिल्ह्यातल्या घोलवडचीही निवड झाली. चिकूसाठी नावाजलेल्या गावात माश्याही पाहुण्या म्हणून नव्हे, तर कामकरी म्हणून याव्यात, ही गोष्ट मला आवडते.

पण बाजारात एक मोठी अडचण आहे. 2020 मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने 13 नाममुद्रांचे मध तपासले. सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त तीन. भेसळीचे पाक असे तयार केलेले होते, की नेहमीच्या चाचण्या त्यांना पकडू शकत नव्हत्या; जर्मनीतल्या प्रयोगशाळेत ते उघडे पडले. मग पाण्यात थेंब सोडणे, कापसाची वात पेटवणे, मुंग्या येतात का पाहणे, या घरगुती परीक्षांचा काय पाड? दाट पाकही पाण्यात तळाशी जातो. उलट थंडीत रवाळ झालेला चांगला मध ‘साखर घातली’ म्हणून परत केला जातो. शिक्षा होते ती प्रामाणिक विक्रेत्याला. रवा धरणे हा मधातल्या ग्लुकोजचा स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो.

जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. खोटेपणाचा दाखला ती देऊ शकत नाही. पण जिभेला सवय लागली की माणूस प्रश्न विचारू लागतो. कुराणातल्या सोळाव्या सूरेचे नावच ‘नहल’, म्हणजे मधमाशी, आणि तिथे मधाच्या निरनिराळ्या रंगांचा उल्लेख येतो. आपण मात्र बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध मागतो आणि कारखाना तो पुरवतो. रानातला मध दरवर्षी सारखा लागणार नाही, कारण फुलोरा दरवर्षी सारखा नसतो. पुढच्या वेळी मध घेताना एवढेच विचारा: कोणत्या फुलांचा? कधी काढला? उत्तर देणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावे लागले, तर ते झाडांना आणि माश्यांनाही पोचतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)