ओतकामाची काळी वाळू

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत गेलात, तर फाउंड्रीच्या मागच्या अंगाला काळी वाळू साठलेली दिसेल. मुळात ती पांढरट सिलिका वाळू. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी मिसळून साचे भरतात. त्यात १४०० अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस ओततात आणि कास्टिंग निवलं की साचा फोडतात. तीच वाळू चाळून पुन्हा वापरली जाते. पण दर फेरीला कण झिजतात, माती जळते, आणि काही वाळू शेवटी बाहेर काढावीच लागते.

या वाळूला डांबरी रस्त्यात जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. खडीच्या फटी भरायला बारीक माल लागतोच. आपण त्यासाठी डोंगर फोडून क्रश सँड काढतो. अमेरिकेतल्या काही राज्यांनी फाउंड्रीची वाळू डांबरी मिश्रणात वापरली आहे. तिथल्या अभ्यासांत एकूण मालाच्या साधारण १५ टक्क्यांपर्यंत ती चालते, असं आढळलं. त्याहून जास्त घातली की बिघडतं, कारण तिचे बहुतेक कण ०.६ ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यानचे, जवळजवळ एकाच मापाचे असतात.

खरा शत्रू मात्र पाणी. सिलिकाला डांबर घट्ट धरत नाही आणि उरलेली माती ओल शोषते. कोल्हापूरच्या पावसात असा रस्ता उखडायला वेळ लागणार नाही. म्हणून वाळू डांबर प्लांटवर नेण्याआधी एक साधी चाचणी करावी. काचेच्या उभ्या नळीत कॅल्शियम क्लोराइडचं पाणी घेऊन त्यात वाळू टाकायची, दहा मिनिटं भिजू द्यायची, मग नळी आडवी धरून जोरात हलवायची आणि वीस मिनिटं स्थिर ठेवायची. वाळू तळाशी बसते, माती वर गढूळ थर धरते. तळापासून मोजलेल्या वाळूच्या उंचीला, तळापासूनच मोजलेल्या गढूळ थराच्या माथ्याच्या उंचीने भागून शंभराने गुणलं की आकडा मिळतो. रस्ते मंत्रालयाच्या मानकात बारीक मालासाठी तो किमान ५० लागतो.

काळी वाळू यात नापास झाली, तर ती धुवावी किंवा तिचं प्रमाण कमी करावं. मिश्रण पाण्याला कच्चं ठरलं, तर दोन टक्के विरलेला चुना घालायची सोय मानकातच आहे. लोखंडाचे तुकडे चुंबकाने काढावेत, गठ्ठे फोडून चाळावेत. कास्टिंगमधली पोकळी राखणाऱ्या, रेझिन वापरलेल्या कोअरची वाळू मात्र वेगळी ठेवावी. तिच्यातून फिनॉल पाझरतो का, हे प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय ती रस्त्यावर नेऊ नये.

फाउंड्रीवाले, ठेकेदार आणि बांधकाम खात्याचे अभियंते यांनी एकत्र बसून वसाहतीतलाच एखादा रस्ता यासाठी निवडावा. शेजारी नेहमीच्या क्रश सँडचा तुकडाही करावा आणि दोन पावसाळ्यांनंतर दोन्हींचे गाभे काढून मोजमाप जाहीर करावं.