लाल शत्रू, हिरवा दोस्त

व्हिडिओ गेममध्ये रंग हा नुसता नटण्यासाठी नसतो, त्याला काम नेमून दिलेले असते. नावावर लाल खूण असलेला शत्रू, हिरवी खूण असलेला आपला. जिवाची पट्टी हिरवी आहे तोवर ठीक, ती लाल झाली की पळायला हवे. हा संकेत कुणी समजावून सांगत नाही, कारण तो सगळ्यांना दिसतोच असे धरलेले असते. लाल आणि हिरवा यांतला फरक ज्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही, त्याला मात्र खेळाचा अर्धा मजकूर वाचताच येत नाही. बोटे चपळ असतात, डावपेच कळतात, तरी तो हरत राहतो. आजूबाजूची पोरे त्याला कच्चा खेळाडू ठरवून मोकळी होतात.

रंगांधळेपणा या नावामुळे असे वाटते की अशा माणसाला सगळे जग जुन्या कृष्णधवल सिनेमासारखे दिसत असावे. तसे फार क्वचित होते. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात आणि त्यांचे तीन प्रकार असतात. एक प्रकार लांब लहरींच्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो, दुसरा मध्यम लहरींच्या, तिसरा आखूड म्हणजे निळ्या बाजूच्या. पहिल्या दोघांची कमाल संवेदनक्षमता साधारण ५६० आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुळातच एकमेकांना खेटून. मेंदू या दोघांच्या प्रतिसादांतला फरक मोजतो आणि त्यावरून लाल-हिरवे ठरवतो. यांपैकी एक प्रकार नसला, किंवा असूनही दुसऱ्याच्या आणखी जवळ सरकलेला असला, की हा फरक पुसट होतो किंवा मिटतो. मग लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी ही मंडळी एकमेकांत मिसळतात. जांभळा निळ्यात जातो, गुलाबी राखाडीकडे झुकतो. जोतिबाच्या डोंगरावर उधळलेला गुलाल अशा भाविकाला मळकट राखाडी दिसू शकतो. निळा आणि पिवळा मात्र त्याला आपल्याइतकेच वेगळे दिसतात. पुढे सांगितलेले काही उपाय याच गोष्टीवर उभे आहेत.

लांब लहरींच्या पेशींत दोष असेल तर त्याला प्रोटान म्हणतात, मध्यम लहरींच्या पेशींत असेल तर ड्यूटान. ड्यूटानचा सौम्य प्रकार सर्वांत जास्त आढळतो. प्रोटान माणसाची आणखी एक अडचण असते. त्याला गडद लाल रंग हिरव्यासारखा तर दिसतोच, शिवाय काळपटही दिसतो. आखूड लहरींच्या पेशींत दोष असलेला ट्रायटान हा प्रकार दुर्मीळ आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांत एकाला लाल-हिरव्याचा दोष असतो, स्त्रियांत दोनशेंत एखादीला. भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये पुरुषांतले प्रमाण सहसा याहून कमी आढळते. तरीही शाळेतल्या मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असणे अगदी शक्य आहे.

स्त्री-पुरुषांतल्या या तफावतीचे कारण म्हणजे या दोन्ही पेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एकच एक्स मिळते आणि तेही आईकडून. आईकडे दुसरे निरोगी एक्स असल्याने तिला स्वतःला त्रास नसतो, पण तिच्या वडिलांचा दोष तिच्यामार्फत नातवाकडे जाऊ शकतो. त्यामुळे मुलाला रंग ओळखता येत नाहीत असे लक्षात आले, तर चौकशी आजोळी करावी. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घरांत आणखी एक गोष्ट घडू शकते. भाचा रंगांध आणि मामाही रंगांध असेल, तर मामाची मुलगी दोषाची वाहक असतेच. अशा जोडप्याच्या मुलीला दोन्हीकडून दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते.

कोल्हापूर जिल्ह्यात हा दोष बऱ्याचदा फार उशिरा कळतो. कागल, गडहिंग्लज, शाहूवाडीकडची पोरे वर्षानुवर्षे भरतीची तयारी करतात, पहाटे उठून धावतात, मैदानी चाचणी पार करतात आणि मेडिकलला ठिपक्यांच्या पुस्तिकेसमोर अडकतात. ही पुस्तिका शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा, एवढीच परीक्षा. ज्याला आकडा दिसत नाही त्याला तो आहे हेही माहीत नसते. जन्मापासून जग असेच दिसत आल्याने आपल्याला काही कमी दिसते, अशी शंका यायला कारणच घडलेले नसते. मिरची पिकली की नाही, सिग्नल कोणता लागला, हे तो जागेवरून, चमकेवरून, इतरांच्या बोलण्यावरून ओळखत आलेला असतो. खेळाच्या पडद्यावर हे आधार नसतात. म्हणून मेडिकलच्या कितीतरी आधी हा दोष मोबाइलवरच्या खेळात उघडा पडू शकतो. घरच्यांचे तिकडे लक्ष मात्र हवे.

जुन्या एकरंगी पडद्यांवरच्या खेळांत हा प्रश्न नव्हता. १९९७ मध्ये नोकियाच्या फोनवर आलेला साप काळ्या ठिपक्यांचा होता. १९८९ च्या गेमबॉयवर हिरवट पडद्यावरच्या चार छटांत सगळे भागायचे. त्या पडद्यांवर रंगांध मूल आणि इतर मुले एकाच पातळीवर होती. रंगीत पडदे स्वस्त झाले आणि खेळ बनवणाऱ्यांनी चित्रे रंगवली, त्यात नवल नाही. पण सोबतच माहितीही रंगांत भरली, आणि चूक झाली ती तिथे.

बीजीएमआय या बंदुकांच्या मोबाइल खेळाचे उदाहरण घेऊ. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती या नावाने उतरली. कट्ट्याकट्ट्यावर चौघांचे स्क्वाड पुन्हा जमू लागले. या खेळात चार साथीदारांना पिवळा, नारिंगी, निळा आणि हिरवा असे चार रंग असतात. पिवळा, नारिंगी आणि हिरवा हे तीन रंग लाल-हिरव्याचा दोष असलेल्या डोळ्याला जवळजवळ एकाच घरातले. ‘हिरव्या मार्करवर या’ अशी हाक आली की तो बरोबर विरुद्ध दिशेला धावणार. त्यातून खेळाडू सुटतो, कारण प्रत्येक रंगावर १ ते ४ असा आकडाही असतो. ‘हिरवा’ म्हणण्याऐवजी ‘चार नंबर’ म्हटले की प्रश्न मिटतो. स्क्वाडमधल्या पोरांना एवढेच सांगायचे असते. बाकीच्या अडचणी आकड्याने सुटत नाहीत. एअरड्रॉपचा, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीचा, लाल धूर हिरव्या डोंगरउतारावर दिसत नाही. स्कोपमधला लाल ठिपका गवतावर हरवतो, प्रोटान खेळाडूला तर फारच. त्या ठिपक्याचा रंग सेटिंगमध्ये बदलता येतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय आवृत्तीत हिंसा सौम्य दिसावी म्हणून रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला. हेतू चांगला होता, पण हिरव्या गवतावर गोळी लागली की नाही हे ओळखायची जी एक खूण होती, तीही काहींच्या बाबतीत पुसट झाली असणार.

साध्या खेळांतही हेच चालते. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. लाल, हिरवा, पिवळा, निळा हे रंग पटाने जुन्या काळापासून आणलेले आहेत. सोंगट्या घरात असतात तोवर कोपऱ्यावरून कळते कुणाची कोणती, पण वाटेत लाल आणि हिरवी सोंगटी मागेपुढे आल्या की पाठीमागे कोण लागले आहे ते कळत नाही. कॅरममध्ये प्रोटान मुलाला लाल राणी काळ्या सोंगट्यांच्या जवळची दिसू शकते. ती मध्यभागी असताना काही बिघडत नाही, फुटल्यावर शोधावी लागते. याउलट कँडी क्रशमध्ये प्रत्येक रंगाच्या गोळीला स्वतंत्र आकार आहे. त्या खेळाच्या अफाट यशामागे हेच कारण आहे असे नव्हे, पण रंग न ओळखणाराही त्यात अडत नाही, हे खरे.

बंदुकांच्या खेळांत लूटची, म्हणजे वाटेत सापडणाऱ्या हत्यारांची, किंमत रंगाने सांगण्याची पद्धत आहे. फोर्टनाइटमध्ये राखाडी, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी अशी चढती भाजणी असते. निळे आणि जांभळे हत्यार शेजारी पडलेले असेल तर जांभळ्यातला लाल अंश न दिसणारा खेळाडू भारी बंदूक सोडून हलकी उचलतो. नाव वाचून खात्री करता येते, पण गोळीबारात नाव वाचायला उसंत कुणाला असते? रंगांध खेळाडूचे खरे नुकसान इथे आहे. विचार करायला वेळ मिळाला तर बहुतेक गोष्टी त्याला उमगतात. वेगाच्या खेळात तो वेळच मिळत नाही.

मैदानावरचे खेळही यातून सुटलेले नाहीत, आणि मोबाइलवरचा खेळ मैदानाची नक्कल करतो तेव्हा अडचणीचीही नक्कल होते. लाल चेंडू हिरव्या मैदानावर पाहणे हे लाल-हिरव्याच्या दोषातले ठळक संकट. ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू वेड आणि ख्रिस रॉजर्स हे दोघेही रंगांध. दिवस-रात्र सामन्यांसाठी गुलाबी चेंडू आला तेव्हा त्यांना तो दिसण्यात अडचण आली. फुटबॉलमध्ये गोंधळ जर्सींचा होतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघायला बसणाऱ्यांतही असे प्रेक्षक असणारच. १४ जून २०१८ ला मॉस्कोत विश्वचषकाचा पहिला सामना झाला. रशिया लाल जर्सीत, सौदी अरेबिया हिरव्या जर्सीत आणि खाली हिरवे गवत. बावीस जणांत कोण कुणाचा हेच कळेना, अशी तक्रार जगभरच्या रंगांध प्रेक्षकांनी केली. मोबाइलवर फुटबॉल खेळताना सामन्याआधी जर्सी निवडता येते. एक संघ गडद आणि दुसरा फिका घेतला की रंग कोणतेही असोत, चालते.

खेळ बनवणाऱ्यांनी यावर दोन वेगळ्या प्रकारचे उपाय केले. पहिला म्हणजे गाळणी. सेटिंगमध्ये ‘कलरब्लाइंड मोड’ चालू केला की लाल-हिरव्यातला फरक निळ्या-पिवळ्यात किंवा उजेड-अंधारात ढकलला जातो आणि सगळा पडदा बदलतो. हा उपाय बनवायला स्वस्त आहे आणि तसाच वापरायला बरेचदा निरुपयोगी. आकाश, गवत, माणसे सगळेच वेगळे दिसू लागते आणि शत्रू होता तिथेच लपलेला राहतो. काही खेळांनी तर रंगांध माणसाला जग कसे दिसते याचे चित्रच गाळणी म्हणून दिले. रंगांध खेळाडूला ते दाखवून काय मिळणार, हे कुणी विचारलेले दिसत नाही.

दुसरा उपाय मेहनतीचा आणि टिकाऊ आहे: अर्थ एकट्या रंगावर न टाकणे. अमंग अस खेळात तारा जोडण्याचे काम फक्त रंग पाहून करावे लागे. २०२० मध्ये तारांच्या टोकांवर चिन्हे आली. माइनक्राफ्टमध्ये २०२१ साली खनिजांच्या ठिपक्यांचे आकार बदलले, त्यामुळे लोखंड, रेडस्टोन रंग न पाहता ओळखता येऊ लागले. व्हॅलोरंटने शत्रूभोवतीची कड लाल, पिवळी किंवा जांभळी यांतून निवडू दिली. बाकीचा पडदा जसा होता तसा राहिला. त्या पिवळ्या कडेचा फायदा रंग नीट दिसणारे कितीतरी खेळाडूही उचलतात. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ मध्ये तर पार्श्वभूमी राखाडी करून माणसे आणि वस्तू ठळक रंगात दाखवण्याची सोय आहे. खेळ तपासायला महागडे यंत्र लागत नाही. पडदा पूर्ण राखाडी करायचा आणि खेळायला बसायचे. जिथे खेळणारा अडतो, तिथे आकार, आकडा किंवा आवाज घालायचा.

असे खेळ बनवण्याच्या खोलीत रंगांध माणूस असेल तर चूक आधीच सापडते, पण त्या खोलीची दारेही बराच काळ बंद होती. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका उमेदवाराला रंगांध असल्याने प्रवेश नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तज्ज्ञांच्या समितीने कोणताही अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्यांना बंद ठेवण्याचे कारण नाही असे सांगितले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने संस्थेला सर्व अभ्यासक्रम खुले करायला सांगितले. वाहन परवान्याच्या बाबतीत सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना त्याआधी २०२० मध्येच सवलत मिळाली होती. गेम डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांना न्यायालयाच्या या निकालातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे, पण कामाचे आहे. मूल एकाच प्रकारच्या खेळात सारखे अडत असेल, किंवा चित्र रंगवताना झाडाचे खोड हिरवे करत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून इशिहारा चाचणी करून घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावरच्या चाचणीवर भिस्त ठेवू नये. उजेड आणि रात्रीचा पिवळा मोड यांनी ठिपक्यांचे रंग बदलतात. जन्मजात दोषावर सध्या औषध नाही. रंगीत काचांचे महागडे चष्मे काही छटांमधला फरक वाढवतात, नवे रंग देत नाहीत. खेळातल्या कलरब्लाइंड मोडचे सहसा प्रोटान, ड्यूटान, ट्रायटान असे तीन प्रकार असतात आणि त्यांची नावे वैद्यकीय असतात, पण रिपोर्टमध्ये लिहिलेलेच नाव निवडायचे असे बंधन नाही. सरावाच्या मैदानावर तिन्ही लावून पाहावेत आणि शत्रू ज्यात चटकन दिसतो तो ठेवावा. खेळात सोय नसेल तर अँड्रॉइड फोनच्या ‘अॅक्सेसिबिलिटी’मध्ये रंगदुरुस्ती २०१४ पासून आहे, आयफोनवर २०१६ पासून. ती सगळ्या फोनला लागू होते, त्यामुळे फोटो आणि व्हिडिओही बदललेल्या रंगांत दिसतात; खेळ संपल्यावर ती बंद करावी लागते.