मुंबईत वावरताना

कोकण रेल्वेचा मार्ग 1998 साली पूर्ण झाला, आणि गोमंतकातून मुंबईस जाणे हे एका रात्रीच्या झोपेचे काम झाले. इस्पितळ, परीक्षा, लग्नकार्य अशा निमित्ताने आमच्या विद्यार्थ्यांची कुटुंबे तेथे जातात; परंतु गाडीतून उतरल्यावर त्या जनप्रवाहात कसे वावरावे, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सांगितलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

उतरावे कोठे, याचा विचार घरीच करावा. ज्यांना अंधेरी-बोरिवलीकडे जावयाचे आहे, त्यांनी दादरला थांबणारी गाडी निवडावी. मध्य व पश्चिम या दोन्ही मार्गांची स्थानके तेथे पुलांनी जोडलेली आहेत. शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन पुन्हा मागे येणे हा द्राविडी प्राणायाम होय.

लोकलचे नाव म्हणजे तिचे शेवटचे स्थानक. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद गाडी पुष्कळ स्थानके गाळते. फलकावर दोन्ही गोष्टी दर्शविलेल्या असतात. बोरिवलीस जाणाऱ्याने सायंकाळी विरार जलद पकडू नये. आत शिरणे एक वेळ साधेल, पण विरारच्या गर्दीतून मध्येच दारापर्यंत पोहोचणे नवख्यास साधत नाही. आपले स्थानक येण्यापूर्वीच पुढच्यास “उतरणार का?” असे विचारून सरकत राहावे. सकाळी गर्दीचा लोंढा दक्षिणेकडे, सायंकाळी उत्तरेकडे असतो. मात्र वांद्रे-कुर्ला संकुल व अंधेरी येथेही कचेऱ्या वाढल्याने हा नियम पूर्वीइतका बिनचूक राहिलेला नाही. साध्या तिकिटावर प्रथम वर्गात किंवा वातानुकूलित लोकलमध्ये बसल्यास दंड होतो.

पुलांविषयी थोडे अधिक सांगणे आम्हांस अवश्य वाटते. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर पावसामुळे माणसे खोळंबली आणि चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जीव गेले. जिन्यावर थांबून बरोबरच्या मंडळींची वाट पाहणे, सामान खाली ठेवणे, दूरध्वनीवर बोलत उभे राहणे, हे कटाक्षाने टाळावे. चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, ते गाडीत बसण्यापूर्वीच ठरवावे. लहान मुलांच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. गाडी सुटत असेल तर सुटू द्यावी. दुसरी थोड्याच वेळात येते.

रिक्षा वांद्रे व शीव यांच्या उत्तरेसच मिळतात. मूळ शहरात टॅक्सी, बेस्टची बस, अथवा 2025 च्या ऑक्टोबरात पूर्णपणे सुरू झालेली आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो.

आता उदरभरण. वडापाव जेथे कढई चालू आहे तेथेच घ्यावा. पावसाळ्यात कापून ठेवलेली फळे व पाणीपुरी वर्ज्य. उडप्याकडे इडली-सांबार लवकर मिळते, आणि पैशाचा अंदाजही असतो. उरल्यासुरल्या इराण्यांकडे ब्रून-मस्का व चहा अवश्य घ्यावा. खाणावळीत दुपारी एक ते दोन या वेळी जाऊ नये. गेल्यास अनोळखी माणसासमोरच्या खुर्चीवर बसावे लागते. त्यात तेथे कोणासही वावगे वाटत नाही. तेव्हा आपणही संकोच करू नये. मासळीवाचून घास न उतरणाऱ्या आमच्यासारख्यांनी गिरगाव-दादरकडील मालवणी व गोमंतकी खाणावळी शोधाव्यात. आमटीत नारळ थोडा कमी पडतो, एवढेच.