आग पूर्ण जळली पाहिजे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथला जानेवारीत पारा उणे वीसपर्यंत उतरला तरी कुणी त्याची बातमी करत नाही. अशा गावात माझ्या मैत्रिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं शाळेची एक जुनी बस लिलावात घेतली आणि तिचं राहतं घर करायला काढलं. ओटा कुठे, पलंग कुठे याची चर्चा मागे ठेवून त्यांनी आधी विचार केला तो ऊब कुठून आणायची याचा. हा क्रम मला फार पटला. पुष्कळ जण आधी सगळी लाकडी कामं उरकतात, मग पाइप न्यायला जागाच उरत नाही आणि नवी कपाटं फोडावी लागतात.

गरम पाणी फिरवून ऊब देणं अशा बसला नवं नसतं. तिकडच्या शाळेच्या बसमध्ये सीटखाली छोटे रेडिएटर असतात. इंजिनाचं गरम कूलंट त्यांच्यातून फिरतं आणि मागचे पंखे ऊब मुलांपर्यंत पोहोचवतात. थंड राज्यांतल्या बऱ्याच बसना यापलीकडे डिझेलवर पेटणारा एक हीटरही बसवलेला असतो. पहाटे ड्रायव्हर येण्याआधी तो कूलंट तापवतो, म्हणजे गोठलेलं इंजिन विनातक्रार सुरू होतं. वेबास्टो आणि एबरश्पेखर ही या धंद्यातली दोन जुनी जर्मन नावं. एक १९०१ सालचं, दुसरं १८६५ सालचं, आणि दोघांचीही सुरुवात एसलिंगेन या एकाच गावातली. माझ्या मैत्रिणीच्या बसमध्येही असा एक हीटर गंजलेल्या पेटीत निपचित पडलेला सापडला.

तो उघडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त केलेला, सत्तरीला टेकलेला एक मेकॅनिक मदतीला आला होता. त्यानं चार स्क्रू काढून बर्नर बाहेर ओढला आणि मला थेट आजोळचा तांब्याचा बंब आठवला. मधल्या नळीत आग, भोवती पाणी. फरक इतकाच की इथे आगीला डिझेल थेंबाथेंबानं मिळतं, हवा पंख्यानं मिळते आणि पाणी एका जागी न थांबता पंपानं सतत फिरत राहतं. एवढी सगळी यंत्रणा बुटाच्या खोक्यात मावेल एवढी, आणि तिची ताकद पाच किलोवॅट.

पाच पुरतील का? या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराला विचारायचं नसतं, ते कागदावर काढायचं असतं. राहायची जागा दहा मीटर लांब, सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद आणि एक मीटर नव्वद सेंटिमीटर उंच. छत, जमीन, भिंती मिळून साधारण ९० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. त्यातल्या १२ चौरस मीटरवर एकपदरी काचेच्या खिडक्या. आत २० अंश हवेत आणि बाहेर उणे २० असतील, तर फरक ४० अंशांचा. एकपदरी काचेतून एका चौरस मीटरला, एका अंशामागे साडेपाच वॅट निसटतात. म्हणजे नुसत्या खिडक्यांमधून अडीच हजार वॅटहून अधिक. उरलेल्या सगळ्या बसला चांगला फोम मारला, तरी लोखंडी बरगड्यांमधून थंडी आत येतेच, त्यामुळे तिथूनही साधारण तेवढीच उष्णता जाते. त्यात दाराच्या फटी धरल्या की आकडा सहा हजारांच्या जवळ पोहोचतो.

इथे दोन वाटा होत्या. शाळेच्या मोठ्या बसना लावतात तसा तेरा किलोवॅटचा हीटर घ्यायचा, किंवा गरजच कमी करायची. त्यांनी अर्ध्या खिडक्या काढून तिथे पत्रा आणि फोम भरला. एवढ्यानं हजार वॅटहून जास्त वाचले. राहिलेल्या काचांना रात्री लावायला फोमच्या फळ्या कापल्या. पाच किलोवॅट पुरेसे झाले.

मोठा हीटर घेऊन निश्चिंत व्हावं असं कुणालाही वाटेल. पण ऑक्टोबरमध्ये बाहेर पाच अंश असताना याच बसला दोन किलोवॅटसुद्धा लागत नाहीत. तेरा किलोवॅटचा हीटर तेव्हा पेटतो, काही मिनिटांत पाणी ऐंशी अंशांच्या आसपास नेतो, विझतो, पुन्हा पेटतो. पेटताना आणि विझताना ज्योत थंड असते, डिझेल अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते. भरपूर काम केलेला हीटर सहसा टिकतो. आजारी पडतो तो ज्याला पुरतं जळू दिलं जात नाही तो. या सगळ्या कामातून मला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. निवड करतानाही तीच लक्षात ठेवायची आणि देखभाल करतानाही.

म्हणून त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी ४० लिटरची गरम पाण्याची टाकी आहे. हीटरला उष्णता ओतायला जागा मिळते, तो वीस-पंचवीस मिनिटं सलग जोरात जळतो आणि मग टाकी पाऊण तास घर उबदार ठेवते. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणीही याच टाकीतल्या वेटोळ्यातून तापतं. पुढे दोन फाटे. एक पंख्याच्या रेडिएटरकडे, झटपट ऊब देणारा. दुसरा जमिनीखालच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांकडे. जमिनीत ऐंशी अंशांचं पाणी सोडलं तर लाकूड वाकेल आणि पाय भाजतील, म्हणून मध्ये मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. तो परतीचं गार पाणी मिसळून तापमान चाळिशीच्या आत ठेवतो. इंजिनाचं कूलंट मात्र घराच्या पाण्यात मिसळू दिलेलं नाही. दोघांमध्ये पत्र्यांचा हीट एक्स्चेंजर आहे. इंजिनात नेहमीचं विषारी इथिलीन ग्लायकॉल, घराच्या बाजूला प्रॉपिलीन ग्लायकॉल. जिथे मूल दात घासतं त्या पाण्याच्या शेजारून जाणाऱ्या नळीत काय आहे, यावर काटकसर करू नये.

कूलंट भरण्याचा दिवस मी पूर्ण पाहिला. ग्लायकॉलमध्ये नळाचं पाणी नाही, डिस्टिल्ड पाणी मिसळलं, कारण क्षारांचा थर नेमका सर्वांत गरम जागी बसतो. बसचं तोंड उतारावर वर चढवलं, म्हणजे सर्वांत उंच जागी बसवलेल्या एक्स्पान्शन टाकीकडे हवा आपोआप सरकेल. पंप सुरू झाला की नळ्यांमधून गडगड ऐकू यायची. मेकॅनिक एकेक वळण हातानं चाचपायचा, जिथे नळी गार तिथे हवा अडकलेली. तिथला छोटा व्हॉल्व्ह उघडायचा, फसफस थांबून सलग धार आली की बंद करायचा. हे काम घाईनं होत नाही. अडकलेल्या हवेमुळे पाणी फिरलं नाही, तर हीटरच्या आतलं पाणी उकळतं आणि सुरक्षेचा स्विच तो बंद पाडतो. होजना त्यानं साधे स्क्रूचे क्लॅम्प न लावता स्प्रिंगचे लावले. थंडीत रबर आकसतं आणि उन्हाळ्यात कोरडा असलेला सांधा जानेवारीत गळू लागतो. स्प्रिंग रबराबरोबर आवळत जाते.

डिझेलची नळी तर त्यानं मला दोनदा दाखवली. आतून जेमतेम दोन मिलिमीटर. एवढी बारीक का? रुंद नळीत हवेचा बुडबुडा तरंगत बसतो आणि अचानक पंपात शिरून ज्योत विझवतो. बारीक नळीत तो डिझेलबरोबर पुढे ढकलला जातो. पंपही तिरका, बाहेरचं तोंड वर. टाकीतून डिझेल ओढणारी नळी तळापर्यंत नेलेली नाही. हीटरनं रात्रभर डिझेल प्यायलं तरी बस पेट्रोल पंपापर्यंत नेण्याइतकं उरलं पाहिजे. पूर्ण ताकदीनं तासाला साधारण ०.६ लिटर जातं, म्हणजे कडक थंडीत रोजची दहा-बारा लिटरची तयारी ठेवावी लागते. शिवाय मिनेसोटात उन्हाळ्याच्या डिझेलमध्ये २० टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं, हिवाळ्यात ५ टक्के. ऑगस्टमध्ये भरलेली टाकी डिसेंबरपर्यंत पुरवली तर आतलं इंधन मेणासारखं घट्ट होतं. पहिल्या बर्फाआधी टाकी रिकामी करून हिवाळ्याचं डिझेल भरायचं, हा तिथला साधा शिरस्ता आहे.

हीटर पेटताना आतला ग्लो प्लग, म्हणजे तापून डिझेल पेटवणारी तार, आठ-दहा अँपिअर ओढतो. वायर बारीक असली की शेवटपर्यंत पोहोचणारं व्होल्टेज पडतं, हीटर पेटायला नकार देतो आणि लोक बर्नर उघडून बसतात. जाड वायर बारीक वायरपेक्षा थोडीच महाग असते. आणि बंद करताना बटण दाबल्यावर पंखा व पंप दोन-तीन मिनिटं चालू राहतात. आतली आग विझून उष्णता पाण्यात जाईपर्यंत बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा नाही, नाहीतर तापलेल्या धातूभोवतीचं पाणी थांबतं आणि आत राहिलेल्या डिझेलचा कोळसा होतो.

वर्षाची देखभाल त्यांनी एका वहीत लिहून ठेवली आहे. उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा अर्धा तास पूर्ण ताकदीनं चालवायचा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर तो न जळलेल्या इंधनाचा, लगेच निवळतो. तो निवळायला वेळ घेऊ लागला, तर ग्लो प्लगभोवतीची बारीक जाळी बुजत आली आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, आधी हवेची नळी पाहायची, तिच्यात गांधीलमाश्यांनी घर केलेलं असू शकतं. हंगामाच्या शेवटी बर्नर उघडून काजळी ब्रशनं काढायची आणि नवं गॅस्केट घालूनच बंद करायचं. धुराचा पाइप खिडक्यांपासून दूर, खाली उतरता, सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला भोक. पलंगाशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि त्याची तारीखही वहीत.

एवढी गुंतागुंत प्रत्येकानं करावी असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एक-दोनदा बाहेर पडणाऱ्याला हवा तापवणारा साधा डिझेल हीटर पुरतो. तो स्वस्त असतो, त्यात कूलंट नाही आणि गळती नाही. पण वर्षभर बसमध्ये राहायचं, गरम पाणी हवं, जमीन पायाला गार लागू नये, तर पाण्याच्या हीटरचे कष्ट सार्थकी लागतात.

माझ्या मैत्रिणीच्या घरात मात्र दोन्ही आहेत. हवेचा दोन किलोवॅटचा छोटा हीटर मागच्या बाजूला आहे, स्वतंत्र डिझेलच्या डब्यावर आणि स्वतंत्र फ्यूजवर. उणे पंचवीसमध्ये मुख्य हीटर बंद पडला तर ग्लायकॉल गोठणार नाही, पण पिण्याच्या पाण्याच्या नळ्या काही तासांत फुटतील. दुरुस्तीचा भाग मागवून येईपर्यंत तेवढे दोन किलोवॅट सगळी बस उबदार ठेवत नाहीत, पण त्या नळ्यांच्या आसपास ऊब ठेवून त्या वाचवतात. ग्लो प्लग, जाळी, गॅस्केट आणि इंधनाचा फिल्टर मात्र आता ते मागवत नाहीत. चारही वस्तू ड्रायव्हरच्या सीटमागच्या डब्यात, वहीच्या खाली ठेवलेल्या असतात.