तेहरानच्या घरातले आजारी वडील

असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ या इराणी चित्रपटातील नादेर तेहरानमध्ये एका बँकेत नोकरी करतो. मुलीच्या भवितव्यासाठी परदेशी जावे, असा त्याची पत्नी सिमीन हिचा आग्रह आहे. व्हिसाही हाती आलेला आहे. परंतु नादेरच्या वडिलांना अल्झायमर आहे आणि त्यांना सोडून तो निघू शकत नाही. ते तुला मुलगा म्हणून ओळखतात तरी का, असे सिमीन विचारते. ते माझे वडील आहेत हे मला तर ठाऊक आहे, असे तो उत्तर देतो.

२०११ साली या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. फारसीचा एक शब्दही न समजणारे प्रेक्षक त्यात गुंतले, ते मात्र या पारितोषिकांमुळे नव्हे. म्हाताऱ्या माणसाचे कोणी करायचे आणि त्यासाठी कोणी काय सोडायचे, हा प्रश्न त्यांच्याही घरात होता.

मालवण-देवगडच्या वाचकाला तर हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली आणि साडेआठ लाखांच्या आत आली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागे मुंबईची वाट धरलेले चाकरमानी आहेत. गणपतीला भरलेले घर विसर्जनानंतर रिकामे होते, तेव्हा पडवीत बसलेल्या आजोबांच्या औषधांकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न मागे उरतोच. सिमीनने इथे विमानाऐवजी कणकवलीहून रेल्वे धरली असती, एवढाच फरक.

या चित्रपटात खलनायक नाही. सिमीन माहेरी निघून गेल्यावर वडिलांसाठी राझिये नावाची गरीब, गरोदर बाई कामावर येते. वडिलांचे कपडे खराब होतात. परक्या पुरुषाला हात लावणे हे पाप ठरेल का, असे ती धर्माच्या जाणकारांना फोन करून विचारते. शेजारी उभी असलेली तिची चिमुरडी म्हणते, की मी बाबांना सांगणार नाही. असा संकोच आपल्याकडेही आहे. सासऱ्यांना आंघोळ घालण्याची वेळ आलेल्या सुना त्याविषयी सहसा बोलत नाहीत, इतकेच.

पुढे एके दिवशी राझिये वडिलांचा हात पलंगाला बांधून, दाराला कुलूप लावून बाहेर जाते आणि ते खाली पडलेले सापडतात. तिला डॉक्टरांकडे जाणे भाग होते, हे आपल्याला फार उशिरा कळते. तोवर आपण नादेरबरोबर तिच्यावर संतापलेले असतो. शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांनी हा भाग जरूर पाहावा. बांधलेला रुग्ण सुटण्यासाठी धडपडतो आणि त्यातच त्याला इजा होते. मदतनीस बाईलाही दुखणीखुपणी असतात, म्हणून तिच्या गैरहजेरीत कोण थांबणार हे आधीच ठरलेले असावे.

इराणमध्ये पडद्यावर स्त्री-पुरुषांच्या स्पर्शाला मज्जाव आहे. घरातल्या प्रसंगातही स्त्रीचे डोके झाकलेले हवे. म्हणून तिथले दिग्दर्शक पुष्कळ काही दाराआडून, जिन्यावरून, अर्ध्यावर तोडलेल्या वाक्यातून सांगतात. या बंधनांचे कौतुक करण्याचे कारण नाही. जाफर पनाहींसारख्या दिग्दर्शकाला तुरुंगवास घडला आहे. पण जे दाखवता येत नाही तिथे प्रेक्षक स्वतःचे घर पाहतो, हेही खरे. वडिलांना आंघोळ घालता घालता नादेरला रडू कोसळते, तेव्हा उपशीर्षके वाचावी लागत नाहीत. मालवणी न येणाऱ्या पुण्या-मुंबईकरांनी ‘वस्त्रहरण’ डोक्यावर घेतले, तेव्हा तरी त्यांना प्रत्येक शब्द कुठे कळत होता?

चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. ज्येष्ठांना उपशीर्षके वाचणे कठीण जाते, तेव्हा घरातील एखाद्याने ती मोठ्याने वाचावीत आणि हवे तर दोन बैठकांत पाहावा. पार्श्वसंगीत जवळजवळ नसल्याने वाचणाऱ्याचा आवाज त्यात बुडत नाही. नुकतेच कोणी गेले असेल त्या घराने मात्र थोडे थांबावे.

मराठीत याच्या जवळ जाणारा चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. मुलगी क्षणभर गाडीतून उतरते आणि तेवढ्यात वडील रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात. अशा रुग्णाच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असणे किती आवश्यक आहे, ते पुढे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे गृहस्थ कोण, कुठले, हे चन्नम्माला ठाऊक नाही. त्यांना तिच्यात आई दिसते, आणि तीही मग त्यांना मुलासारखे जेवू घालते.